होडीवाल्यांचा हंगाम

साखर कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला की आमच्याकडं खरं वर्ष सुरू होतं. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागतात. तोडलेल्या फडांत पाचट पेटतं आणि त्याचा धूर संध्याकाळी गावाच्या डोक्यावर पातळ चादरीसारखा पसरून राहतो. मळीचा आंबूस-गोड वास अंथरुणात शिरतो, केसांत राहतो, चहातही उतरल्यासारखा वाटतो. मी आता साताऱ्याला असते, एका शाळेत हिंदी शिकवते. तिथली थंडी वेगळी, कोरडी आणि किल्ल्यावरून उतरणारी. पण भावाकडं गावी यायला निघाले आणि इस्लामपूरच्या अलीकडं एसटीच्या खिडकीतून तो वास आला, की माझं वय कमी व्हायला लागतं. अशा वेळी मी खिडकी लावून घेत नाही.

यंदा त्या वासाबरोबर एक चालही आली. शब्द नव्हते, नुसती चाल. भावाच्या अंगणात चुलीपुढं बसून मी ती गुणगुणत होते. माझी भाची सानिया कॉलेजला आहे. ती म्हणाली, "फुपी, हे काय गातीस गं?"

"होडीवाल्यांचं गाणं," मी म्हणाले.

खरं नाव मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. ते एक कार्टून होतं. कुठल्यातरी थंड देशात काढलेलं, हिंदीत बोलतं केलेलं, रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारं. आम्ही त्याला कार्टून म्हणत नव्हतो. पोरं एकमेकांना विचारायची, "होडीवाले लागले का रं?" एक बहीण, एक लहान भाऊ आणि त्यांची होडी. त्यांचं बेट समुद्रात बुडालेलं. दर रविवारी ती दोघं नव्या किनाऱ्याला लागायची. कुणी जेवू घालायचं, कुणी हाकलून द्यायचं, आणि शेवटी होडी पुन्हा पाण्यात जायची.

आमचा टीव्ही काळापांढरा होता. लाकडी पेटीतला, पुढं सरकती दारं असलेला. अब्बा गावचे शिंपी. शिलाईमशीन ओसरीवर, टीव्ही आतल्या खोलीत. रविवारी सकाळी अब्बा पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचे आणि वरून ओरडायचे, "आया क्या?" आम्ही आतून ओरडायचो, "मुंग्या हायती." मग थोडा वेळ मुंग्या, थोडा वेळ दोन-दोन होड्या, आणि मग एकदम समुद्र. सगळ्या गल्लीतली पोरं आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली असायची, आणि त्या सगळ्यांत माझी जागा ठरलेली होती, टीव्हीच्या अगदी शेजारी, तोंड पोरांकडं करून. कारण आमच्या घरात दखनी बोलायचे, त्यामुळं टीव्हीतली हिंदी मला कळायची. बाकीच्यांना नाही. मी मान वळवून ऐकायची आणि अर्ध्या श्वासानं मागं राहून मराठीत सांगायची. "ती म्हणते, वारा फिरला. तो म्हणतो, मला भूक लागली." पोरं पडद्याकडं बघायची, पण कान माझ्याकडं. आयुष्यात पुढं किती वर्गांना शिकवलं, पण तसं ऐकणारं कुणी भेटलं नाही.

त्या हंगामात बायडा आली.

पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातून दर वर्षी दिवाळीनंतर धनगरांचे कळप आमच्या भागात उतरायचे. ऊस तुटला की रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, रानाला खत मिळायचं, मेंढ्यांना चारा. बायडाचे वडील, बिरामामा, जाता-येता अब्बांकडून पैरण शिवून घ्यायचे. उंच माणूस. बोलणं कमी. ओसरीवर बसायला सांगितलं तरी पायरीवरच बसायचे, काठी गुडघ्यांत धरून. कुणाकडं पाणीसुद्धा मागायचे नाहीत. अम्मा तांब्या आणून ठेवायची तेव्हा प्यायचे.

त्या वर्षी ते आले ते बायकोला घोड्यावर घालून. वाटेतच तिला मुलगा झाला होता आणि तापानं ती फणफणली होती. नर्सबाईंनी तपासून सांगितलं, महिनाभर तरी चालायचं नाही. कळप तर थांबू शकत नव्हता. चारा संपला की पुढच्या गावाला सरकायलाच हवं. बिरामामा पायरीवर बसून राहिले. अब्बांनी मशीन थांबवली आणि म्हणाले, "परड्यात छप्पर हाय रिकामं. वैनी आणि पोरं ऱ्हाऊ द्यात. तुमी मेंढरं बघा."

बिरामामांनी काठी पायरीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "चूल आमची येगळी पेटंल, मामू."

"पेटू द्या की," अब्बा म्हणाले.

अशी बायडा आमच्या परड्यात राहायला आली. माझ्याच वयाची, पण माझ्याहून किती मोठी. तीन दगड मांडून भाकरी थापायची, आईला कढण द्यायची, बाळाला पाठीशी बांधून पाणी आणायची. सगळ्यांशी अदबीनं वागायची, पण घरात यायची नाही. पहिल्या रविवारी ती खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी होती. मी तिला आत बोलावलं तर म्हणाली, "हितनं दिसतंय."

त्या दिवशी पडद्यावरची बहीण रडत होती. एका गावानं त्यांना रात्रभरही थारा दिला नव्हता. मी सांगितलं, "ती म्हणते, जगात सगळ्यांना घर आहे, आपल्यालाच नाही." आमच्या खोलीत कुणीतरी नाक ओढलं. आणि खिडकीतून आवाज आला, "घर न्हाई म्हनून रडत्यात व्हय ती?"

मी म्हणाले, "हो."

"हाय की घर. त्या होडीत चूल हाय, भांडी हायती, वाकळ हाय. आनि काय लागतंय?"

पोरं हसली. मी नाही हसले. मी टीव्हीकडं पाहिलं, आणि खरंच, होडीच्या एका कोपऱ्यात इवलीशी चूल होती, तिच्यावर किटली. इतके रविवार बघून मला ती दिसली नव्हती.

पुढच्या रविवारी ती उंबऱ्यावर बसली. त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या शेजारी, बाळाला मांडीवर घेऊन. मी कान तिच्या बाजूला ठेवून सांगायला लागले, कारण ती मधेमधे जे बोलायची ते मला टीव्हीपेक्षा जास्त ऐकायचं असायचं. वादळाचं दृश्य आलं की ती म्हणायची, "होडी आडवी घालू नगं रं," जणू तो भाऊ ऐकत होता. किनाऱ्यावरच्या लोकांनी जेवण दिलं की म्हणायची, "सकाळी निघताना सांगून जावा." होडीचा रंग कोणता असेल यावर आमच्या गल्लीत भांडणं व्हायची. कुणी लाल म्हणायचं, कुणी हिरवी. बायडा ठामपणे म्हणाली, "काळी. घोंगड्यागत. मळत न्हाई."

बाकीचे दिवस आम्ही काय करायचो ते नीट आठवत नाही. तुकडे आठवतात. परड्यात पडलेलं ऊन. बाळाच्या अंगाला येणारा तेलाचा आणि धुराचा वास. अब्बांच्या मशीनखालच्या चिंध्यांतून आम्ही निवडून काढलेलं निळं कापड, आणि ते जमिनीवर पसरून केलेला समुद्र. समुद्र मी पाहिला नव्हता, तिनंही नाही. तिचे काका एकदा कळप घेऊन घाट उतरून कोकणात गेले होते. त्यांच्याकडून तिनं ऐकलं होतं की समुद्र सारखा श्वास घेतो. म्हणून ती कापडाच्या एका टोकाला धरायची, मी दुसऱ्या, आणि आम्ही तो समुद्र हलकेच वर-खाली करत बसायचो. बाळ त्यात हातपाय मारायचं. अम्मा दारातून बघायची आणि आत जायची.

तिची आई हळूहळू बरी होत होती. छपराबाहेर येऊन उन्हात बसायची, बोटांनी लोकर पिंजायची. मला ते बघून बरं वाटायचं आणि नाहीही. ती चालायला लागली की काय होणार हे मला कळत होतं.

मग एका रविवारी टीव्हीवाल्या बाईंनी सांगितलं की पुढच्या रविवारी होडीवाल्यांचा शेवटचा भाग. खोलीत कुजबुज झाली. त्यांना घर मिळणार की नाही, यावर त्या आठवड्यात शाळेत पैजा लागल्या. बायडाला विचारलं तर ती म्हणाली, "बघू की. दिसंलच."

आणि शनिवारी दुपारी बिरामामा आले.

घोडं परड्यात बांधलं. बायकोला विचारलं, "चालशीला?" ती म्हणाली, "व्हय." झालं. सामान बांधायला सुरुवात झाली. तीन दगड बाजूला सरले, राख पसरली, तव्याला चिंधी गुंडाळली. बायडा सगळं करत होती, नेहमीसारखं पटापट. ती काही मागणार नाही हे मला माहीत होतं. ती बापाचीच लेक. म्हणून मीच पायरीपाशी गेले.

"मामा, एकच रविवार ऱ्हाऊ द्या की तिला. उद्या शेवटचं हाय."

"काय शेवटचं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. होडी, बहीण, भाऊ, बुडालेलं बेट. ते ऐकत होते, अगदी लक्ष देऊन, जणू मी कुणा ओळखीच्या माणसांची खबर सांगत होते. मग म्हणाले, "पोरी, मेंढरं म्होरं गेल्यात. तळ हलला की हलला. त्याला कुनाच्यान थांबवता येत न्हाई."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. अब्बांनी बाळासाठी उरलेल्या तुकड्यांची कुंची शिवली होती, ती अम्मानं त्याच्या डोक्यावर बांधली. बायडाची आई अम्माच्या पाया पडायला वाकली तर अम्मानं तिला मधेच धरलं, आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. घोड्यावर वाकळा, त्यांवर कोंबड्यांची पाटी, तिच्याशेजारी एक कोकरू. बायडा मागं वळून म्हणाली, "शमे, कानांत ठिव. फुडल्या वर्षी सांग." मग ती सगळी पाचटाच्या धुरात गेली.

शेवटचा भाग मी पोरांना सांगितला. होडी किनाऱ्यावर पालथी घातली होती. भाऊ तिच्या तळाला डांबर लावत होता आणि बहीण शीड शिवत होती. ती म्हणाली, आता आपण इथंच राहायचं, होडीचं छप्पर करू, शिडाचे पडदे करू. लोक भिंतीसाठी दगड घेऊन येतील. तिथं ते चित्र हळूहळू पांढरं होत गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. घर मिळालं. पैज जिंकलेली पोरं नाचत बाहेर पळाली. मी टीव्हीची दारं सरकवली आणि परड्यात जाऊन उभी राहिले. राखेवर आमच्या कोंबड्या धूळ अंगावर घेत बसल्या होत्या.

पुढचा हंगाम येईपर्यंत मी ते रोज मनात म्हणून बघायची, कसं सांगायचं ते. पण बायडा आली ती स्वतःच सांगत. चांगली उंच झालेली, नाकात चमकी. म्हणाली, "म्या बघितलं की."

आमच्याकडून निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा तळ कऱ्हाडच्या बाजूला एका गावाबाहेर होता. बिरामामांनी तिला म्हटलं, "चल." कुठं ते सांगितलं नाही. गावात शिरून ते घरांच्या छपरांकडं बघत चालले होते. एका माडीवर काठ्या लावलेल्या दिसल्या, अँटेनाच्या. त्या घराच्या दाराशी जाऊन, कधी कुणाकडं पाणी न मागणारा तो माणूस म्हणाला, "आवं, माज्या पोरीला जरा चित्रं बघाया बसू द्या." घरच्यांनी तिला उंबऱ्यावर बसू दिलं.

"आनि मामा?"

"आबा भायेर हुबा हुता. काठी घिऊन. टीव्हीकडं पाठ करून. संपस्तवर."

तिथं हिंदी सांगणारं कुणी नव्हतं. तिनं नुसती चित्रं पाहिली होती. आता ती मला सांगायला लागली, मी करायची तसे हातवारे करून. "होडी काढली, पालथी घातली. तळाला डांबर लावलं, आपल्या नदीवर नावाडी लावतोय तसं. बहिनीनं शीड शिवाया घेतलं. समदी तयारी केली बग. आता म्होरं निघाली असतील. लय लांब गेली असतील आतापत्तूर."

तिचा चेहरा असा उजळला होता. मी तोंड उघडलं. इतके महिने घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. मग मी तोंड मिटलं आणि म्हणाले, "व्हय. लय लांब."

त्यानंतर दोन-तीन हंगाम ती येत राहिली. मग तिचं लग्न झालं. मग बिरामामांचा कळपही आमच्याकडं उतरायचा थांबला. अब्बा गेले, टीव्ही कुणी नेला आठवत नाही. मी शिकले, साताऱ्याला गेले. ते हंगाम आता जागेपणीचे वाटत नाहीत. पहाटे अर्धवट झोपेत दुसऱ्या खोलीतली भांडी ऐकू यावीत, तसे येतात.

यंदा त्या चुलीपुढं सानियानं माझ्या तोंडून चाल ऐकली, होडी आणि बेट असं काहीबाही फोनमध्ये टाकत बसली, आणि घटकाभरानं फोन माझ्यापुढं धरला. "हेच का?"

तेच होतं. रंगीत. समुद्र राखाडी-हिरवा, आणि होडी पिवळी. आमच्या गल्लीत पिवळी कुणीच म्हणालं नव्हतं. मी थोडं पाहिलं आणि बंद करायला सांगितलं. एकटीनं बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्याकडं गेले तर शेजारच्या तुटलेल्या फडात मेंढ्या बसल्या होत्या. एक म्हातारा काठीला टेकून उभा होता. मी बिरामामांचं नाव काढलं. तो म्हणाला, "बिराप्पा जाऊन झाली की लय वर्सं. त्येची पोरगी व्हय? बायडाआक्का? ती विट्याच्या म्होरं हाय, घर बांधून. पाटाचं पानी आलंया तिकडं. डाळिंबं लावल्याती." त्यानं गावाचं नाव सांगितलं. सानियानं स्कूटी काढली.

ऊस मागं पडत गेला, माळ सुरू झाला, आणि मग माळावर मधेच हिरव्या डाळिंबांच्या रांगा. बायडाचं घर स्लॅबचं, गुलाबी रंगाचं. ती ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. केस पांढरे, चमकी तीच. तिनं मला ओळखायला वेळ लावला नाही. "शमा," म्हणाली, आणि हातातल्या शेंगा तशाच धरून राहिली. मग तिनं सानियाला जवळ ओढलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, जणू ती म्हणजे लहानपणची मीच होते.

चहा झाला. थोरला मुलगा दक्षिणेत सोनं गाळायच्या दुकानात, नवराही आता त्याच्याकडंच. कुंचीतलं ते बाळ पुण्यात रिक्षा चालवतं. "मेंढरं?" मी विचारलं.

"इकली," ती म्हणाली. "बाजारला नेली त्या दिवशी मी भाकरी थापत हुते. मालक भाकरी बांधून घ्याया आलं न्हाईत म्हनून भायेर बघितलं, तर मेंढरांचं वाडगं मोकळं. मला इचारलं न्हाई कुनी." तिनं शेंगांची टरफलं एका बाजूला सारली. "बरंच झालं म्हनत्यात समदी. घर झालं, पोरं शिकली. खोटं न्हाई ते."

मग सानियानं फोन काढला. मी तिला काही सांगितलं नव्हतं, पण तिनं शेवटचा भागच लावला. बायडानं फोन हातात न घेता पदराला हात पुसले आणि जवळ सरकली. चाल सुरू झाली. किनारा आला. होडी पालथी झाली. भावानं डांबराचा कुंचा घेतला. बहीण शीड घेऊन बसली आणि बोलायला लागली.

बायडा माझ्याकडं न बघता म्हणाली, "काय म्हनती गं ती? मला तवा कळलंच न्हवतं. तू आईकलं हुतंस न्हवं?"

मी अर्ध्या श्वासानं मागं राहून सांगितलं. "ती म्हणते, आता आपण इथंच राहायचं. होडीचं छप्पर करू. शिडाचे पडदे करू."

चित्र पांढरं होत गेलं. बायडा पडद्याकडं बघत राहिली. बाहेर कुणाच्या तरी पंपाचा आवाज चालला होता.

"हे ठरवलं कुनी?" तिनं विचारलं. "त्या दोगांनी, का गाववाल्यांनी?"

"दोघांनीच."

"मग बरं हाय," ती म्हणाली.

मग सानियाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बाळ, आनि एकदा लाव. आवाज बंद करून लाव."